एकच मोरी, दोन वाटा

मागच्या महिन्यातली गोष्ट. नवीन पनवेलमध्ये आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर एके सकाळी खड्डा खणला गेला. पनवेलकरांना खड्ड्याचे नवल उरलेले नाही. सिडकोने खणले, रेल्वेने खणले, गॅसवाल्यांनी खणले, २०१६ साली महापालिका झाली तीही खणू लागली. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून तर खणायचे कोण राहिले आहे, हेच शोधावे लागेल. तेव्हा खड्डा पाहून मी थांबलो नसतो. थांबलो तो खड्ड्याच्या काठावर बसलेल्या मुलाला पाहून. डोक्यावर मोठी छत्री, पुढ्यात लोखंडी स्टूल, स्टुलावर डब्याएवढे यंत्र आणि बोटांत केसासारखा एक पारदर्शक धागा. तो काच जोडत होता.

दूरसंचाराच्या नोकरीत माझी उमेद गेली. कामाच्या तीस वर्षांपैकी बरीचशी पनवेल आणि दक्षिणेकडच्या कोकणरस्त्यावर काढली. त्यामुळे रस्त्याच्या कडेला कोणी फायबर जोडताना दिसला, की निवृत्त शिक्षक भरल्या वर्गाच्या दारात जसा रेंगाळतो, तसा मी रेंगाळतो. घरी जाऊन दोन कप चहा आणला आणि त्याच्याशेजारी उकिडवा बसलो.

निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असे धाग्यांचे बारा रंग ठरलेले असतात. तो एकेक रंग उचलत होता. वरचे रंगीत आवरण सोलायचे, स्पिरिटच्या फडक्याने पुसायचे, टोक हिऱ्यासारखे सरळ कापायचे आणि दोन टोके यंत्रात समोरासमोर ठेवायची. क्षणभर ठिणगी उडते, काच वितळते, दोन धाग्यांचा एक धागा होतो. धाग्याची जाडी मिलीमीटरचा आठवा भाग. त्यातही प्रकाश धावतो तो मधला गाभा नऊ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे धाग्याच्या जाडीचा साधारण चौदावा हिस्सा. आमच्या वेळी एका सांध्याला अर्धा तास जाई आणि तो नीट बसला, की आम्ही एकमेकांकडे पाहून हसत असू. या मुलाला दोन मिनिटे लागत होती आणि हसायला वेळ नव्हता.

वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल, पण काचेची ही गोष्ट आपल्या देशात सुरू झाली ती महाराष्ट्रातच. १९७९ मध्ये पुण्यात, दोन एक्स्चेंजना जोडणारी भारतातली पहिली प्रकाशतंतूची यंत्रणा सुरू झाली. त्याआधी जेमतेम तेरा वर्षे, १९६६ मध्ये, चार्ल्स काव या शास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत बसून मांडले होते, की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून प्रकाश मैलोन्‌मैल नेता येईल. लोकांना ते अतिशयोक्त वाटले. १९७० मध्ये अमेरिकेत कॉर्निंग कंपनीने तशी काच करून दाखवली. कावना नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र २००९ मध्ये. तोवर त्यांच्या काचेवरून जगाचे बोलणे चालू होऊन जमाना झाला होता.

आमच्या कचेरीत दोन खोल्या होत्या. मला सांगायचे आहे ते या दोन खोल्यांविषयी.

खालच्या मजल्यावर आम्ही, ट्रान्समिशनवाले. आमचे काम रस्ता बांधायचे आणि तो चालू ठेवायचा. रस्त्यावरून काय जाते, कोण कोणाशी बोलते, याच्याशी आमचा संबंध नसे. वरच्या मजल्यावर एक्स्चेंज आणि पुढे आलेले डेटाचे राउटर. कोणाचा निरोप कोणाकडे वळवायचा, हे त्यांचे काम. निरोप ज्या रस्त्याने जातो तो कुठून जातो, डोंगरातून की नदीवरून, हे त्यांना ठाऊक नसे आणि त्यांना ते विचारावेसेही वाटत नसे. दोन्ही मजल्यांच्या मध्ये एक जिना होता. त्या जिन्यावरून जात असे फक्त कागद.

दोन्ही खोल्यांचा स्वभावही वेगळा होता. तो समजून घ्यायला पनवेलच्या एसटी स्टँडवर जाऊ. लग्नाच्या वऱ्हाडासाठी आपण एसटीची अख्खी गाडी ठरवतो, तिच्यावर ‘प्रासंगिक करार’ अशी पाटी लागते. गाडीत पन्नास माणसे बसोत की पाच, ती आपलीच. वाटेत दुसऱ्या कोणाला घ्यायची नाही. जुने टेलिफोन असेच चालत. तुम्ही पनवेलहून रत्नागिरीला फोन लावला, की दोन टोकांमधली एक पूर्ण वाट तुमच्या नावावर होई. तुम्ही बोला, गप्प राहा, हुंदके द्या; वाट तुमचीच. आमच्या हिशेबात एका संभाषणाला सेकंदाला चौसष्ट हजार बिट. अशा तीस संभाषणांची एक मोळी, त्रेसष्ट मोळ्यांचा एक भारा. १९८८ मध्ये या भाऱ्यांचे जागतिक नियम ठरले आणि त्यांना एसडीएच हे नाव मिळाले. सोळा भारे एकत्र केले की एका धाग्यावर एकाच वेळी तीस हजार दोनशे चाळीस संभाषणे. हा आकडा मला आजही झोपेत विचारलात तरी सांगेन.

वरच्या खोलीतल्या नव्या राउटरचा स्वभाव साध्या गाडीचा. तिकीट काढा, जागा मिळेल तिथे बसा, पळस्पे फाट्यावर उतरून दुसरी गाडी पकडा. निरोपाचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता लिहायचा आणि सोडून द्यायचे. कोणी इकडून जाईल, कोणी तिकडून. शेवटी सगळे जुळवून घ्यायचे. एखादा हरवला तर पुन्हा मागवायचा. या तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नाव इंग्लंडच्या डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६०च्या दशकात दिले. त्याच सुमारास अमेरिकेत पॉल बॅरन हेही स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते. बॅरन यांच्यापुढचा प्रश्न लष्करी होता : बॉम्ब पडून निम्मे जाळे तुटले, तरी उरलेल्या वाटांनी निरोप पोचला पाहिजे. १९६९ मध्ये ‘अर्पानेट’ सुरू झाले, त्यातून पुढे इंटरनेट आले, आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने ते आपल्याकडे सर्वांसाठी खुले केले.

पंचाईत तेव्हापासून सुरू झाली. साध्या गाडीचे प्रवासी वाढत चालले आणि रस्ता मात्र सगळा प्रासंगिक कराराच्या गाड्यांसाठी बांधलेला. मग आम्ही काय केले? पॅकेट आधी त्रेपन्न बाइटच्या छोट्या डब्यांत भरली, त्यातले पाच बाइट नुसत्या पत्त्याचे. ते डबे एसडीएचच्या भाऱ्यांत भरले. ते भारे प्रकाशावर चढवले. एका पिशवीत दुसरी, तिच्यात तिसरी. प्रत्येक पिशवीसाठी वेगळे कपाट, वेगळी वीज, वेगळा इंजिनीअर. मुंबईहून पुण्याला एक ई-मेल जाताना किती कपाटे तिला उघडून पुन्हा बंद करीत, हे मोजायला बसलो तर हातांची बोटे पुरत नसत.

आता मला माझी एक चूक सांगायची आहे.

२००३ सालच्या पावसाळ्यातली रात्र. मी तेव्हा ज्या यंत्रणेत होतो तिचे नाव घेण्याची गरज नाही; चूक माझीही होती. दक्षिणेकडे जाणारी आमची वाट पावणेआठला बंद पडली. अशी वेळ येणार हे गृहीत धरूनच वरच्या खोलीने आमच्याकडे दोन वाटा मागितल्या होत्या. एक तुटली तर दुसरीने काम भागावे. आम्ही दोन वाटा दिल्या होत्या. दोन निरनिराळ्या यंत्रणा, दोन निरनिराळ्या केबली. नियमाप्रमाणे एक तुटल्यावर सेकंदाच्या विसाव्या भागात, बोलणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही इतक्या झटकन, दुसरी सुरू व्हायला हवी होती. ती झाली नाही. दोन्ही एकाच क्षणी गेल्या होत्या.

मध्यरात्री आम्ही जीपने जागेवर पोचलो तेव्हा उलगडा झाला. ओढ्यावरची एक जुनी मोरी पाण्याने नेली होती. दोन्ही केबली त्या मोरीतून जात होत्या. कोकणच्या त्या रस्त्यावर एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाचर; ओढा ओलांडायला जागा ती एकच. वरच्या खोलीने कागदावर विचारले होते, ‘मार्ग स्वतंत्र आहे काय?’ मी यंत्रणा वेगळ्या पाहिल्या, केबली वेगळ्या पाहिल्या, आणि ‘होय’ लिहून सही केली. मोरीचा विचार माझ्या मनात आला नाही. वरच्या खोलीला मोरी आहे हेच माहीत नव्हते.

सकाळी सातला आम्ही तात्पुरती जोडणी करून परतलो. कचेरीच्या बाकावर एक बाई बसलेली होती. रात्री आठपासून. घरचा फोन लागेना, शेजाऱ्यांचा मोबाइलही मुका, म्हणून पहारेकऱ्याला विनवून ती इथे येऊन बसली होती. वडील गावी अत्यवस्थ होते. लाइन आल्यावर तिने आमच्याच टेबलावरून फोन लावला. पलीकडे भाऊ होता. वडील संध्याकाळीच गेले होते. तिला विचारण्यासाठी तो रात्रभर नंबर फिरवत राहिला. ती येते की नाही कळेना, पाऊस थांबेना, शेवटी पहाटे गावकऱ्यांनी सारे आटोपून घेतले होते. तिने फोन ठेवला. पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, “लाइन लागली, उपकार झाले तुमचे.”

ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही.

त्या सकाळी मला कळले, की दोष एकट्या मोरीचा नव्हता. दोष त्या जिन्याचा होता. रस्ता ठाऊक असणाऱ्याला निरोप ठाऊक नव्हता आणि निरोप ठाऊक असणाऱ्याला रस्ता. दूरसंचारात पुढच्या वीस वर्षांत जे घडले ते म्हणजे या दोन खोल्यांमधली भिंत हळूहळू पडत जाणे.

ती सहजासहजी पडली नाही. प्रकाशाच्या बाजूने आधी मोठी मजल मारली गेली. १९८७ मध्ये अर्बियम नावाचे मूलद्रव्य मिसळलेल्या काचेचा प्रवर्धक तयार झाला होता. त्याने प्रकाशाचे विजेत रूपांतर न करताच तो ताजातवाना करता येऊ लागला. मग एकाच धाग्यात एकाऐवजी चाळीस, ऐंशी ‘रंग’ सोडता आले. रंग म्हणायचे इतकेच, डोळ्यांना ते दिसत नाहीत. एकपदरी गोवा रस्त्याचा एका रात्रीत ऐंशीपदरी महामार्ग व्हावा, तसे झाले. २००१ मध्ये या महामार्गासाठी मोठ्या कंटेनरचे नवे जागतिक नियम आले आणि तीस-तीस संभाषणांच्या मोळ्या मागे पडू लागल्या. पॅकेटच्या बाजूने प्रयत्न झाला तो साध्या गाडीला वेळापत्रकाची शिस्त लावण्याचा : ठरलेली वाट, तुटली तर ठरलेली पर्यायी वाट. या नियमांवरून टेलिफोनवाल्यांची जागतिक संघटना आणि इंटरनेटवाल्यांची संघटना यांच्यात चांगलीच जुंपली. २००८ मध्ये दोघांना संयुक्त पथक नेमावे लागले आणि त्यानंतरही कुरबुरी चालूच राहिल्या. आमच्या पनवेलच्या कचेरीतला जिना जिनिव्हापर्यंत पोचलेला होता, हे वाचून मला त्या काळी थोडे हसू आले आणि थोडे बरेही वाटले.

शेवटी दोन्ही कामे करणारी एकच कपाटे आली. आता तर कपाटही लागत नाही. २०२० मध्ये एक नवे मानक ठरले. त्यानुसार बनलेला, हाताच्या बोटाएवढा एक जोड राउटरच्या खाचेत सरळ खुपसायचा. त्याच्यातून लांब पल्ल्याचा, नेमक्या रंगाचा प्रकाश थेट निघतो आणि शंभर-सव्वाशे किलोमीटर जातो. वेग सेकंदाला चारशे अब्ज बिट. माझ्या चौसष्ट हजारांच्या हिशेबाने ही साठ लाखांहून अधिक संभाषणे होतात. जे आमच्या खालच्या अख्ख्या मजल्याने करायचे, ते बोटभर वस्तूत आले. जुलै २०२० मध्ये पनवेलला योट्टा कंपनीचे प्रचंड डेटा सेंटर सुरू झाले. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबली उतरतात, तिथून हे गाव दूर नाही. आपण सकाळी पाठवलेला नातवाचा फोटो, दुकानदाराला दिलेले पाच रुपये, बँकेतला हिशेब, सगळे अशाच एखाद्या थंडगार इमारतीतून प्रकाशावर बसून जाते-येते.

यातून मिळाले काय, हे घरोघर दिसते. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहणारी पिढी आज टोरांटोच्या मुलीशी रोज चेहरा पाहून बोलते आणि मिनिटे मोजत नाही. रिकाम्या गाड्या धावत नाहीत, एकात एक पिशव्या नाहीत, वीज वाचते, जागा वाचते. पनवेल ते पणजी साडेपाचशे किलोमीटर काच अंथरली, तर प्रकाश ती पावणेतीन मिलीसेकंदांत ओलांडतो. पूर्वी त्याहून अधिक वेळ वाटेतल्या कपाटांत जाण्याची धास्ती असे.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट वेगळी आहे. दोन्ही खोल्या एक झाल्यामुळे निरोपाला आता रस्ता विचारता येतो. प्रत्येक केबल कोणत्या चरातून, कोणत्या पुलावरून, कोणत्या मोरीतून जाते, याचा क्रमांक यंत्रणेत नोंदवता येतो. पॅकेटसाठी दोन वाटा निवडताना संगणक ते क्रमांक पडताळतो. दोन्ही वाटांत एकच मोरी आली, की तो म्हणतो, ही दुसरी वाट नव्हे, दुसरी शोध. माझी ती सही त्याने नाकारली असती.

अर्थात धोकाही तिथेच आहे. पूर्वी मोरी गेली तर तीस हजार संभाषणे तुटत. आज एका मोरीतून किती लाख माणसांचे व्यवहार जातात, त्याचा अंदाजही करवत नाही. आणि सगळे एकाच पेटीत आल्यावर, त्या पेटीच्या आज्ञावलीत एक चूक झाली तर रस्ता आणि गाडी दोन्ही एकदमच थांबतात. दोन खोल्या होत्या तेव्हा त्या एकमेकींना अंधारात ठेवत, पण एकीला लागलेली आग दुसरीत चटकन पसरत नसे. घर एक केले की आग विझवण्याची तयारीही दुप्पट हवी, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना निराळे सांगायला नको.

शिवाय संगणक क्रमांक पडताळतो हे खरे, पण क्रमांक लिहायचा कोणी? मोरी कुठे आहे हे उपग्रहाला दिसत नाही आणि वातानुकूलित खोलीतल्या पडद्यालाही नाही. ते दिसते खड्ड्यात बसलेल्याला.

म्हणून चहा संपल्यावर मी त्या मुलाला विचारले, “ही दुसरी काळी केबल कुठे जाते?”

“तिकडेच. ही बिघडली तर ती चालते म्हणे.”

“आणि पुढे नाल्यावरून?”

त्याने यंत्रावरून नजर न उचलता उत्तर दिले, “नाल्यावर एकच पाइप टाकलाय काका. कागदावर दोन वाटा आहेत, खड्डा एकच.”

मी काही क्षण बोललो नाही. मग त्याला त्या रात्रीची गोष्ट सांगितली. बाईचीही सांगितली. तो मूळचा बीडकडचा. ऊसतोडीवर गेलेल्या आईवडिलांना फोन न लागल्याच्या रात्री त्यालाही ठाऊक होत्या. ऐकताना त्याचा हात थांबला.

“मला नुसतं जोडायला सांगितलंय,” तो म्हणाला. “मी सांगून कोण ऐकणार?”

“सांगू नकोस. लिही. सांध्याचा तक्ता भरतोस ना?”

तक्ता होता. मोबाइलमध्येच होता. कोणता रंग कोणाला जोडला, सांध्यात प्रकाशाची घट किती, जागेचे अक्षांश-रेखांश. सर्वांत खाली ‘शेरा’ नावाचा एक रकाना होता आणि आधीच्या सगळ्या सांध्यांपुढे तो कोरा होता. त्याने दोन बोटांनी, अडखळत, मला विचारून विचारून लिहिले : ‘नाल्यावर दोन्ही केबली एकाच पाइपात.’ मग पाठवण्याची खूण दाबली, पुढचा निळा धागा उचलला आणि स्पिरिटच्या फडक्याने पुसायला घेतला.

संध्याकाळपर्यंत खड्डा बुजला. वर डांबराचा एक काळा चौकोन उरला आहे. रोज फिरायला जाताना तो मला दिसतो आणि मी नाल्यापर्यंत जाऊन येतो. दुसरा पाइप अजून पडलेला नाही. पण शेरा लिहिलेला आहे.